गाण्यातला खरेपणा: विकलेले माग आणि मी गाळलेली ओळ

प्रश्न (लेखिका: कांडी)

नमस्कार. माझे वय २४ वर्षे आहे. मी मूळची इचलकरंजीची असून गेली पाच वर्षे पुण्यात राहते आणि स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली मराठी गाणी गिटारवर गाते. आतापर्यंत अकरा गाणी पूर्ण झाली आहेत. त्यांपैकी एकाविषयी येथे विचारायचे आहे, कारण तेच गाणे ऐकणाऱ्यांना सर्वांत अधिक आवडते आणि तेच गाताना मला गेले काही महिने अवघडल्यासारखे होते.

आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार साधे यंत्रमाग होते. पप्पा खर्चीवर कापड विणून देत असत. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आणि मेहनत आमची, आणि मजुरी पिकावर, म्हणजे कापडात पडलेल्या आडव्या धाग्यांवर. आई कांड्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची रिळे, भरत असे. गावात शटललेस, म्हणजे धोट्याविना चालणारे, माग वाढले, पिकाचा दर आणि विजेचे बिल यांचा मेळ बसेनासा झाला आणि तीन वर्षांपूर्वी पप्पांनी चारही माग भंगारात विकले. त्या दिवशी मी घरीच होते. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी पुण्यातल्या खोलीत बसून मी ते गाणे लिहिले. त्याचे ध्रुवपद असे आहे:

*बाबांच्या डोळ्यांत दाटले पाणी,*
*थांबली, थांबली मागांची गाणी.*

छोट्या बैठकींमध्ये हे गाणे म्हटले की लोक स्तब्ध होतात. दोन वेळा समोर बसलेल्या अनोळखी माणसांना रडताना मी पाहिले आहे. गेल्या दिवाळीत मी ते घरी पप्पांना ऐकवले. त्यांनी मोबाइल कानाजवळ धरून सगळे ऐकले आणि म्हणाले, "चांगलं झालंय. पण ह्यो आपल्या मागाचा आवाज न्हवं." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आन् बाबा कोण?"

त्या दोन वाक्यांनंतर मला माझेच गाणे निराळे ऐकू येऊ लागले. मागाचा जो आवाज मी गाण्याच्या सुरुवातीला वापरला आहे, तो इंटरनेटवरच्या तयार ध्वनिसंग्रहातून घेतलेला आहे. तो कुठल्या यंत्राचा आहे हे मलाही ठाऊक नाही. आमच्या घरात वडिलांना कोणी कधी बाबा म्हटलेले नाही, आम्ही पप्पा म्हणतो, पण "पप्पा" हा शब्द गाण्यात शोभणार नाही असे मला लिहिताना वाटले होते. गाण्यात मी "ऐकते", "थांबते" असे म्हणते. घरी मात्र आमच्याकडच्या सगळ्या मुलींप्रमाणे मी "ऐकतो", "थांबतो" असेच बोलते. आणि पप्पा त्या दिवशी रडले नव्हते. भंगारवाल्याने वजनकाटा आणला होता, आणि प्रत्येक माग सुटा करून त्याचे भाग काट्यावर चढवले जात असताना पप्पा काट्याच्या आकड्यावरून नजर हलवत नव्हते, कारण वजनात फसवणूक झाली असती तर ती त्यांना परवडणार नव्हती. त्यांचा चेहरा मला आजही स्पष्ट आठवतो. त्यावर दुःख दिसत नव्हते, लक्ष दिसत होते.

मला सर्वांत अधिक सलणारी गोष्ट मात्र माझ्याविषयीची आहे. ज्या गावाचे नाव बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे ख्याल गायकीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, त्या गावात लहानपणी मला तानपुऱ्याचा सूर नीट ऐकू यायचा तो फक्त वीज गेल्यावर. दिवसरात्र माग चालू असत, भिंती थरथरत असत, आणि रियाजाला बसले तरी स्वतःचा आवाज स्वतःला कळत नसे. माग विकले गेले त्या रात्री घर पहिल्यांदा शांत झाले आणि मला बरे वाटले. खरे सांगायचे तर मला आनंद झाला. मी गाढ झोपले. माझ्या गाण्यात शोक आहे, वडिलांविषयीची माया आहे, पण ही रात्र कुठेच नाही. मी ती विसरले नव्हते. लिहिताना ती आठवली होती आणि मी ती बाजूला ठेवली.

आता हे गाणे ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करण्याचा विचार आहे. एका जाणत्या मित्राने सल्ला दिला की इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या श्रवणमंचांवर तीस सेकंद ऐकले गेले तरच ते ऐकणे मोजले जाते, तेव्हा "डोळ्यांत पाणी" ही ओळ अगदी सुरुवातीलाच आणावी. तो सल्ला ऐकल्यावर माझी घालमेल आणखी वाढली. मला विचारायचे आहे ते असे: गाण्यात न घडलेली गोष्ट घातली तर ते खोटे ठरते का? आणि घडलेली गोष्ट गाळली, तर ते अधिक खोटे ठरते का? लोकांना जे गाणे जसे आहे तसे भावते, त्याला हात लावण्याचा मला अधिकार आहे का, हेही मला कळेनासे झाले आहे.

प्रतिसाद १ (लेखक: चौथा चरण)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी गेली चाळीस वर्षे गीते लिहितो आहे. त्यांतली थोडीच कोणी गायली, पण लिहिण्याची सवय सुटलेली नाही, म्हणून थोडे कारागिरीच्या बाजूने सांगतो.

तुमच्या ध्रुवपदात "पाणी" आधी आले की "गाणी", हे आठवून पाहा. माझा अंदाज असा की "मागांची गाणी" हे शब्द तुम्हांला प्रथम सुचले असावेत, त्यांना जोड हवी होती, आणि मराठीत "गाणी"ला जोड शोधायला निघालेला माणूस पाणी, वाणी, विराणी या तीन घरांवरूनच जातो. म्हणजे तुमच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी दुःखाने आले नाही, यमकाने आले. हे मी दोष म्हणून सांगत नाही, कारण माझ्या स्वतःच्या वह्यांमध्ये असे पाणी पुष्कळ आहे. मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येते, आणि "ले-ली-तो-ते" या शेवटांमुळे यमक इतके आयते हाती लागते की लिहिणारा ते शोधत नाही, तेच त्याला ओढत नेते. इतक्या सहज जुळलेल्या ओळीवर मी एक रात्र जाऊ देतो आणि सकाळी यमकाचा शब्द काढून तीच गोष्ट साध्या वाक्यात लिहून बघतो. साध्या वाक्यात ती गोष्ट खरी वाटली नाही, तर ती ओळ कितीही गोड असली तरी काढून टाकतो.

यमकाशिवाय गाणे उभे राहणार नाही, अशी भीती वाटत असेल तर अभंगाची घडण पाहा. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे असतात आणि चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात जुळते; चौथा चरण आखूड असतो आणि मोकळा असतो. संतांना जे रोखठोक सांगायचे असते ते पुष्कळदा या चार अक्षरांत येऊन पडते, कारण तेथे कानाला कोणतीही जुळणी अपेक्षित नसते. तुमच्या गाण्यात अशी एक मोकळी जागा करा. ती गाढ झोपेची रात्र तेथे बसू शकेल असे मला वाटते.

भाषेविषयी माझे मत अगदी ठाम आहे. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ती गाणी उतरवून ठेवणाऱ्यांमध्ये त्यांचे पुत्र सोपानदेव होते, जे स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे नामवंत कवी होते. आईची बोली "सुधारून" छापणे त्यांना सहज शक्य होते. तसे झाले असते तर आज आपल्या हाती काय उरले असते, याचा विचार करून मग "पप्पा" या शब्दाकडे पाहा. शब्द शोभतो की नाही हे आपण इतर गाण्यांवरून ठरवतो, आणि इतर गाण्यांत तो नसतो याचे कारण इतकेच असते की त्या घरांतून कोणी गाणे लिहिलेले नसते. "मी ऐकतो" असे एक मुलगी गाते आहे हे ऐकून पुण्या-मुंबईचा श्रोता क्षणभर थबकेल. त्याला थबकू द्यावे. कोल्हापूर-इचलकरंजीच्या श्रोत्याला मात्र पहिल्याच क्रियापदात आपले घर दिसेल.

तीस सेकंदांच्या सल्ल्याचे मला फारसे भय वाटत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत असत आणि आपले भावगीत त्या मापातच वाढले. दोन-तीन अंतऱ्यांचे आटोपशीर गीत घडण्यात त्या तबकडीचाही वाटा आहे. मापाचे बंधन पूर्वीपासून आहे आणि त्यामुळे गाण्याचा खरेपणा जात नाही. मात्र तुमचा मित्र गाण्याची लांबी सुचवत नाही. श्रोत्याला कोणत्या क्षणी काय वाटायला हवे ते तो सांगतो आहे, आणि ते मी तरी कोणाला ठरवू देणार नाही.

प्रतिसाद २ (लेखक: खोलीतला माइक)

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, म्हणून फक्त आवाजापुरते लिहितो.

वडिलांना आवाज ओळखू आला नाही ही अतिशय मोलाची गोष्ट आहे. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षे मागाच्या आवाजावरूनच धागा तुटल्याचे किंवा धोटा नीट न बसल्याचे ओळखले असेल, त्याच्यासाठी तो आवाज म्हणजे भाषा आहे, आणि तुम्ही त्याला अनोळखी भाषेतले वाक्य ऐकवले. गावात अजून साधे माग चालणारा एखादा कारखाना नक्की असेल. तेथे जाऊन आवाज घ्या. शेडच्या आत पातळी नव्वद डेसिबलच्या वर जाते, तेव्हा मोबाइलचा साधा रेकॉर्डर वापरू नका. तो आवाज आपोआप दाबतो आणि मग सगळे एकसारखे, फाटके ऐकू येते. चोवीस बिटांवर मुद्रण करणारा हातातला रेकॉर्डर घ्या, पातळी खूप खाली ठेवा, आणि एक मुद्रण आत, एक दाराबाहेर आणि एक शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून करा. तुम्ही लहानपणी तो आवाज भिंतीपलीकडून ऐकला आहे, तेव्हा माझ्या मते तुमच्या गाण्याचा खरा आवाज तिसऱ्या मुद्रणात सापडेल. कानात संरक्षक बोळे अवश्य घाला.

दुसरी गोष्ट लयीची. साधा माग मिनिटाला साधारण १२० ते १५० पिके मारतो आणि ही लय गाण्याच्या नेहमीच्या गतीला जवळची असल्याने तिला संगणकावर कापून, ताणून, मेट्रोनोमच्या रेषेवर नेमके बसवण्याचा मोह होईल. चार माग एकत्र चालताना त्यांच्या लयी एकमेकांपासून सरकत जातात, मध्येच जुळतात आणि पुन्हा सुटतात. तो सरकता गुंता तसाच ठेवून त्यावर गिटार वाजवून पाहा. कठीण जाईल, पण तुमचा हात लहानपणापासून त्या गुंत्यात वाढलेला आहे.

सूर दुरुस्त करण्याच्या तंत्राबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी हा प्रश्न पुढे येणारच. ते १९९७ पासून उपलब्ध आहे आणि आज घरगुती संगणकावरही असते. मी ते वापरतो आणि त्यात अप्रामाणिक असे काही मानत नाही. पूर्वीही दहा वेळा गाऊन त्यांतला उत्तम भाग निवडला जात असेच. फक्त एक पथ्य मी पाळतो. शब्द उच्चारताना गळा दाटल्यामुळे सूर किंचित खाली गेला असेल, तर तो जागेवर आणत नाही, आणि ओळीआधीचा श्वास कापत नाही. तुमच्या गाण्यात ती रात्रीची ओळ आली, तर तिच्या आधीचा श्वास जपून ठेवा.

प्रतिसाद ३ (लेखिका: वेशीबाहेर)

मी भिवंडीची आहे आणि माझे माहेर व सासर दोन्ही मागांचे आहे, म्हणून हे वाचून राहवले नाही. आमचे माग गेले तेव्हा माझ्या आईने पहिल्या दिवशी सगळी भांडी पुन्हा घासली, कारण त्यांच्यावर आता कापसाची धूळ बसणार नव्हती. तिला दुःख झाले नव्हते असे कोणी म्हणू नये. तिच्या पोटात खड्डा पडला होता आणि ती भांडीही लख्ख करत होती. दोन्ही एकाच सकाळी झाले. तुम्ही गाण्यात दोन्ही आणलेत, तर माझ्यासारख्या बायकांना कोणीतरी आपले म्हणणे पुरते ऐकले असे वाटेल.

प्रतिसाद ४ (लेखक: भारूडप्रेमी)

वरच्या प्रतिसादांबद्दल आदर बाळगून थोडा वेगळा विचार मांडतो, कारण या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जात आहे असे मला वाटते. घडलेले जसेच्या तसे सांगणे म्हणजेच खरेपणा, असे आपण मानू लागलो तर मराठीतले निम्मे गाणे आपल्याला खोटे ठरवावे लागेल. एकनाथांनी भारुडांतून कितीतरी सोंगांच्या तोंडून बोलणे केले. ज्ञानदेवांच्या विरहिणीत बोलणारी स्त्री आहे. पेशवाईतल्या शाहिरांनी स्त्रीच्या आवाजात लावण्या रचल्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणातील छप्पन्न गीते निरनिराळ्या पात्रांच्या मुखातून येतात, आणि ऐकणाऱ्याला कधीही असे वाटत नाही की गदिमांनी आपले नसलेले दुःख उसने घेतले. सोंग घेणे ही फसवणूक नव्हे. सोंग घेतले आहे हे गाण्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते.

म्हणून मी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे देईन. वडिलांच्या डोळ्यांत पाणी नव्हते, तरी एखाद्या गाण्यात ते असू शकते. पण तुमच्या गाण्यात ते असू नये असे मलाही वाटते, आणि त्याचे कारण निराळे आहे. तुम्ही स्वतः सांगितलेला वजनकाट्याचा प्रसंग त्या पाण्यापेक्षा शतपटींनी बोलका आहे. आकड्यावर नजर रोखून उभा असलेला माणूस मला तुमच्या चार वाक्यांत दिसला, आणि त्यानंतर तुमचे ध्रुवपद वाचले तेव्हा तेथे मला कोणीच दिसले नाही. आपल्या संतांनी आपापल्या धंद्याची हत्यारे अभंगात आणली. सावता माळ्याने मळा आणला, नरहरी सोनाराने सोनाराची अवजारे आणली, आणि त्यामुळे त्यांची भक्ती आजही हाताला लागते. तुमच्याकडे धोटा आहे, कांडी आहे, उभ्या धाग्यांचा बीम आहे, खर्ची आहे, पीक आहे. "पीक" या शब्दाला मराठीत शेतातला अर्थ आहे आणि मागावरचाही आहे, आणि दोन्हीकडे पोट त्यावरच चालते. इतका श्रीमंत शब्द घरात असताना तुम्ही "गाणी" या शब्दाकडे का गेलात?

मागाला गाणे म्हणणे मला आणखी एका कारणासाठी खटकते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. पहाटेच्या अंधारात, कोणी ऐकायला नसताना, दळणाऱ्या बायका त्यांत सासर, माहेर, भाऊ, दारिद्र्य, मारहाण, सीता, विठ्ठल असे सगळे बोलल्या. जात्याची घरघर अशी असते की तिच्यावर माणसाचा आवाज तरंगू शकतो. माग तशी जागा देत नाही. जात्याने ओवीला आधार दिला. मागाने गाणे बुडवले. तुम्ही स्वतः म्हणता की रियाजासाठी वीज जाण्याची वाट पाहावी लागे. तर मग ज्या आवाजाने तुमचे गाणे इतकी वर्षे अडवून धरले, त्यालाच तुम्ही "गाणी" म्हणता, हे मला पाण्यापेक्षा मोठे असत्य वाटते.

एक सावधगिरीही सांगतो. तुमची ती रात्र गाण्यात आली तर लोक तुमच्या धीटपणाचे कौतुक करतील. आपल्या अपराधाची कबुली हाही एक अलंकार होऊ शकतो, आणि डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा तो अधिक झळकतो. त्या ओळीवर चाल उंच नेऊ नका, ती दोनदा म्हणू नका. आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी वडिलांना ऐकवा. गाणे तुमचे असले तरी माग त्यांचे होते, आणि ती ओळ अनोळखी लोकांच्या आधी त्यांच्या कानावर जायला हवी.

प्रतिसाद ५ (लेखिका: कांडी)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मी मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण मध्ये मी घरी जाऊन आले.

"चौथा चरण" यांचा अंदाज अचूक होता. वही काढून पाहिली. "मागांची गाणी" या शब्दांवर तारीख आहे आणि "पाणी" दोन दिवसांनंतर, वेगळ्या शाईत लिहिलेले आहे. "भारूडप्रेमी" यांचा जात्याविषयीचा परिच्छेद वाचल्यावर ते ध्रुवपद मला पुन्हा गाता येणार नाही हे कळले आणि मी ते काढले. ज्यांना ते आवडत होते त्यांच्याबद्दल मला अपराधी वाटते, कारण त्यांचे रडणे खरे होते आणि त्यामागे त्यांचे स्वतःचे काहीतरी असणार. पण त्या रडण्यासाठी मी ते गाणे जपून ठेवू शकत नाही. सध्या गाणे असे सुरू होते:

*काट्यावर चढला माग पैला,*
*पप्पा आकडं वाचत हुतं.*
*दाराजवळचा, मंग भितीकडचा,*
*येक येक करून मोजत हुतं.*

मधल्या कडव्यांत धोटा आणि कांडी आली आहे, आईचे हात आले आहेत, आणि "पीक" हा शब्द दोन्ही अर्थांनी आला आहे. शेवटच्या कडव्यानंतर गिटार थांबते आणि एकच ओळ येते, जिला कशाचीही जोड नाही: *त्या राती मी लई निवांत झोपलो.* ती मी एकदाच म्हणते, खालच्या षड्जावर.

घरी गेल्यावर पप्पांना ते माजघरात बसून, मोबाइलवरून नव्हे तर समोर गाऊन ऐकवले. आईही कांदे निवडता निवडता ऐकत होती. शेवटची ओळ म्हणताना मला त्यांच्याकडे बघता आले नाही. गाणे संपल्यावर पप्पा काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की दाराजवळचा माग पहिला नव्हता, भिंतीकडचा पहिला काढला होता, कारण दाराजवळचा शेवटपर्यंत चालू होता आणि त्याच्यावरचे कापड उतरायचे राहिले होते. हे मला माहीत नव्हते. मी म्हटले की लय बिघडेल, ते म्हणाले, "बिघडू दे, पर आधी भितीकडचा." शेवटच्या ओळीविषयी ते काहीच बोलले नाहीत. आई मात्र रात्री अंथरूण घालताना म्हणाली, "तुझ्या पप्पांस्नी बी त्या राती झोप लागली हुती. लई वर्षांनी."

ओळ मी बदलली आहे. "भितीकडचा" आधी घेतल्यावर चरण दोन मात्रांनी सांडतो, तो कसा सावरावा याचा विचार अजून चालू आहे, आणि यावर कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगावे. "खोलीतला माइक" यांनी सुचवल्याप्रमाणे येत्या रविवारी गल्लीतल्या एका ओळखीच्या कारखान्यात मागाचा आवाज घेण्यासाठी जायचे ठरले आहे. तेथील काका म्हणाले की सकाळी सहाला ते मागांना तेल घालतात आणि मग एकेक करून सुरू करतात. त्याआधी आलीस तर पहिला माग एकटा कसा वाजतो ते तुला मिळेल. पप्पा बरोबर येणार आहेत.